लुधियाना ते केडगाव : सुवार्ताकार्यासाठीच्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) रोज प्रार्थना सभा असते. सुवार्तिकांसाठी (येशूचा संदेश सांगणाऱ्यांसाठी), दूरच्या मिशनक्षेत्रांसाठी, विश्वासापायी छळ सोसणाऱ्या भावाबहिणींसाठी तिथे विनंत्या केल्या जातात. हा प्रघात विलायतेतून आला असावा, असं सहज वाटतं. पण त्याची हाक गेली ती पंजाबातल्या लुधियान्यातून. १८५७च्या उठावात फत्तेगडचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी बायकामुलांसह कानपूरला मारले गेले. पुढच्याच वर्षी, १८५८ साली, त्याच प्रेस्बिटेरियन पंथाच्या लुधियाना मिशनच्या लोकांनी जगभरच्या मंडळ्यांना विनंती केली की, १८६०च्या जानेवारीत एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थना करावी. दुःख इतकं ताजं असताना त्यांनी प्रार्थना मागितली, हे मला फार मोठं वाटतं. पुढे इव्हँजेलिकल अलायन्स या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघटनेने हा आठवडा उचलून धरला आणि तो दरवर्षीचा झाला.

अशी विनंती करण्याची रीत अर्थात त्याहून कितीतरी जुनी. पीक फार आहे, कामकरी थोडे, म्हणून पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा, असं प्रभूनेच शिष्यांना सांगितलं. पौलही थेस्सलनीकाच्या मंडळीला ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असं लिहितो. पण ठरलेल्या दिवशी, निरनिराळ्या गावांतल्या मंडळ्यांनी एकाच विषयासाठी गुडघे टेकायचे, ही शिस्त प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अठराव्या शतकात रुजली. इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनशरच्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी १७८४ साली महिन्याचा पहिला सोमवार त्यासाठी राखून ठेवला. त्याच मंडळ्यांतून १७९२ साली बाप्टिस्ट मिशनरी संस्था उभी राहिली आणि विल्यम कॅरी बंगालला आले. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला (बंगालमधल्या) छापलं गेलं.

दुसरा धागा थेट मुंबईला येतो. १८०६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मोकळ्या शेतात प्रार्थना करत होते. वादळ आलं, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला आणि तिथेच आशियातल्या लोकांसाठी प्रार्थना केली. त्यांच्या पुढाकारातून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था स्थापन झाली. १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. अहमदनगरचं केंद्र १८३१चं. गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेले.

त्या काळच्या प्रार्थनांत आपण मात्र ‘अंधारात बसलेले लोक’ होतो. आपल्यासाठी कळकळीने प्रार्थना होत होती, पण प्रार्थना करणारे दुसरे होते. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हे चित्र बदललं तिथे आहे, आणि ते पाहायला पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जायला हवं.

तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या, टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या शेकडो मुली राहत होत्या. १८९८ साली इंग्लंडमधल्या केझिकच्या सभेत बाईंनी उभं राहून भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, अशी प्रार्थना करायला सांगितलं होतं. १९०४ साली वेल्समध्ये संजीवन (मंडळ्यांत विश्वासाची नवी जागृती) झाल्याच्या बातम्या आल्या, आणि १९०५च्या जानेवारीत बाईंनी मुक्तीतच खास प्रार्थनेचा गट सुरू केला. सुरुवातीला सत्तरेक जणी यायच्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या.

मग बाईंनी विचारलं, आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस मुली पुढे आल्या. जाण्याआधी सामर्थ्य मिळावं म्हणून त्या रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. २९ जूनच्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, त्यांच्यातली एक जण आत्म्याने भरून गेली. शेजारी झोपलेल्या मुलीला तिच्यावर आग उतरताना दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की, ही जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी बाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंना शिकवणं थांबवावं लागलं. ज्यांना गावाने पोटाला भाकरी दिली नव्हती, त्या मुली आता गावासाठी रडत होत्या. पुढे त्यांचे गट खेडोपाडी गेले.

त्याच वर्षीच्या नाताळात, २५ डिसेंबर १९०५ रोजी, कॅरींच्या श्रीरामपुरात नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. व्ही. एस. अझरय्या आणि के. टी. पॉल हे भारतीय ख्रिस्ती पुढारी तिच्या अग्रणींपैकी. माणसं भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीयांच्याच हाती, असं तिचं धोरण ठरलं. सुवार्तिक पाठवायचे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, ही जबाबदारी आता इथल्या मंडळ्यांची होती.