लँडकेअर (मरे-डार्लिंग नदीखोरं)

लँडकेअर म्हणजे एकाच ओढ्याच्या नाहीतर उपनदीच्या पाणलोटात ज्यांच्या जमिनी आहेत ते शेतकरी, आसपासच्या गावातले रहिवासी, कधी शाळा, असे सगळे मिळून स्थानिक ग्रुप करतात आणि जमिनीची धूप, क्षारपड, तण, ससे, नदीकाठ ह्यांची कामं स्वतः ठरवून स्वतः करतात, ती पद्धत. सरकार पैसा आणि तांत्रिक सल्ला देतं, पण आधी कुठल्या ओढ्यावर काम करायचं हे ग्रुप ठरवतो. ही चळवळ ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात सुरू झाली. तिचं काम देशभर चालतं, पण तिची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही सगळ्यात स्पष्ट दिसतात त्या मरे-डार्लिंग खोऱ्यात. हे खोरं १० लाख चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे, म्हणजे देशाच्या साधारण एक सप्तमांश, आणि ते क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया ह्या चार राज्यांत आणि राजधानीच्या प्रदेशात पसरलंय.

सुरुवात

पहिला ग्रुप २५ नोव्हेंबर १९८६ ला व्हिक्टोरियात सेंट आर्नॉडजवळ विंजालोक इथे सुरू झाला. मागे दोघी होत्या, राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरण-वन-जमीन खात्याच्या मंत्री जोन कर्नर (ह्या पुढे १९९० मध्ये व्हिक्टोरियाच्या पहिल्या महिला प्रीमियर, म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्री, झाल्या) आणि व्हिक्टोरियातल्या शेतकरी फेडरेशनच्या अध्यक्ष हेदर मिचेल. एक लेबर पक्षाची मंत्री आणि दुसरी शेतकऱ्यांची पुढारी, दोघींच्या मागचे लोक एरवी एकमेकांवर फारसा विश्वास न ठेवणारे, तरी त्यांनी हे जमवलं. पाठोपाठ देशपातळीवर पर्यावरणवाद्यांच्या संघटनेचे फिलिप टॉइन आणि राष्ट्रीय शेतकरी फेडरेशनचे रिक फार्ली एकत्र सरकारकडे गेले. जुलै १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक ह्यांनी वेंटवर्थला, म्हणजे डार्लिंग जिथे मरेला मिळते तिथेच, पुढचं दशक लँडकेअरचं दशक म्हणून जाहीर केलं आणि त्यासाठी ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त रक्कम कबूल केली. दशक संपेपर्यंत देशात ४,००० च्या वर ग्रुप झाले होते.

हे सगळं काही हवेतून आलं नाही. माती वाचवायची सरकारी खाती १९३० च्या दशकाच्या शेवटापासूनच होती, पण त्यांचं काम एकेका शेतावर चालायचं. मग १९८२-८३ चा दुष्काळ आला, ८ फेब्रुवारी १९८३ ला धुळीचं वादळ थेट मेलबर्न शहरावर आलं, भरदिवसा अंधारलं, आणि शेतातली माती उडते म्हणजे काय ते शहरवाल्यांनीही पाहिलं. १९८४ पासून पश्चिम व्हिक्टोरियात पॉटर फार्मलँड प्लॅन नावाच्या प्रोजेक्टमध्ये निवडक शेतांचा पूर्ण आराखडा करून दाखवण्यात आला, कुंपण सरळ रेषेत न घालता जमिनीच्या प्रकाराप्रमाणे कसं घालायचं, झाडांच्या रांगा कुठे, पाणी कुठे, असं सगळं. त्याचा उपयोग पुढे ग्रुपांना खूप झाला.

एकट्याने का जमत नाही

क्षारपड जमिनीचं उदाहरण घेतलं की लँडकेअर का लागतं ते लगेच कळतं. मूळच्या निलगिरी प्रजाती आणि बारमाही गवतं खोल मुळांनी बहुतेक सगळा पाऊस शोषून घ्यायची. ती तोडून गहू आणि हंगामी चारा आला, त्यांची मुळं उथळ आणि वर्षातले काही महिनेच जिवंत, त्यामुळे उरलेलं पाणी दरवर्षी थोडं थोडं खाली झिरपत गेलं आणि काही दशकांत भूजल वर चढलं. ह्या जमिनीत हजारो वर्षं पावसातून आणि समुद्री वाऱ्यातून आलेलं मीठ साठलेलं होतं, ते पाण्यात विरघळून वर आलं. पाणी साधारण दोन मीटरच्या आत आलं की मातीच्या बारीक छिद्रांतून ते पृष्ठभागाकडे ओढलं जातं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आधी पीक पिवळं पडतं, मग बार्ली ग्राससारखं खारं सोसणारं गवत माजतं, मोठी झाडं शेंड्याकडून वाळायला लागतात, शेवटी पांढरी खपली.

आता गोची अशी की पाणी झिरपतं टेकडीवरच्या माणसाच्या शेतात आणि मीठ वर येतं दरीतल्या माणसाच्या शेतात. खालच्याने स्वतःच्या शेतात कितीही झाडं लावली तरी फार फरक पडत नाही, आणि वरच्याचं तर काहीच बिघडलेलं नसतं, तो कशाला खर्च करेल? म्हणून दोघांना एका टेबलावर बसवावं लागतं. पुष्कळ ग्रुपांनी पहिलं काम केलं ते जमिनीत अरुंद पाइप घालून भूजल मोजायचं. पाइपात टेपला बांधलेलं वजन सोडायचं, पाण्याला टेकलं की आवाज येतो, तो आकडा वहीत लिहायचा, पुढच्या महिन्यात परत. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आकडे एकाच नकाशावर आले की पाणी कुठून कुठे चाललंय ह्यावर वाद घालायला जागा राहत नाही, आणि मग वरचा शेतकरीही टेकडीवर झाडं आणि खाली लसूणघासासारखं खोल मुळाचं बारमाही पीक घ्यायला तयार होतो, निदान बोलायला तरी तयार होतो. माझ्या मते लँडकेअरची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे, लावलेल्या झाडांचे आकडे त्याच्या खूप मागे येतात.

नदीकाठावरचं काम

गुरं पाणी प्यायला ओढ्यात उतरतात आणि उन्हात तासन् तास तिथेच उभी राहतात. काठ तुडवला जातो, शेण पाण्यात, आणि उगवलेलं प्रत्येक रोप खाल्लं जातं, त्यामुळे काठावर म्हातारी रेड गम (निलगिरीचीच एक जात) झाडं दिसतात पण तरुण झाड एकही नाही. उपाय दिसायला सोपा आहे, काठापासून थोडं आत कुंपण घालायचं आणि गुरांसाठी लांब वर कुंड बांधून त्यात पाइपने पाणी आणायचं. कुंडातलं स्वच्छ पाणी गुरं आवडीने पितात हे एकदा पाहिलं की शेतकऱ्याचा अर्धा विरोध मावळतो. पण पूर येतो तेव्हा तारांत काटक्या-कचरा अडकून अख्खं कुंपण वाहून जातं, म्हणून काही ठिकाणी पुराच्या जोराने आडवं पडेल आणि नंतर परत उभं करता येईल असं कुंपण घालतात. शिवाय गुरं बाहेर गेली की पहिली दोन-तीन वर्षं तिथे नुसतं तण माजतं, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या होतात, त्यात ससे आणि कोल्हे राहतात, आणि शेजारी म्हणतो की बघा, तुमच्या कुंपणाने माझ्या शेतात तण आलं. तो खोटं बोलत नसतो. हा काळ निभावून नेणं, तण काढत राहणं, गरज पडली तर थोडे दिवस गुरं आत सोडून गवत खाऊ घालणं, हेच खरं काम आहे आणि ह्याचे फोटो कुणी काढत नाही.

रोपं लावताना बी जवळच्याच भागातलं घेतात, लावण्याआधी तण मारून माती मोकळी करतात, प्रत्येक रोपाला प्लास्टिकचं नाहीतर पुठ्ठ्याचं आवरण घालतात कारण ससे आणि कांगारू एका रात्रीत रांग साफ करतात. पहिला उन्हाळा काढला तर रोप जगतं असं धरून चालतात.

घळी पडतात त्यांचं गणित वेगळं. घळीच्या डोक्याशी पाणी धबधब्यासारखं खाली पडतं, पायथा पोखरतं, वरची माती कोसळते आणि घळ चढाच्या दिशेने सरकत जाते. जुने शेतकरी त्यात मोडक्या गाड्या आणि टायर टाकायचे, पाणी बाजूने वाट काढून जायचं आणि घळ आणखी रुंद व्हायची. आता पाणी वरच वळवतात, किंवा डोक्याशी खाली कापड घालून दगडांची घसरण बांधतात म्हणजे पाण्याचा जोर तिथेच मोडतो.

विलोची झाडं आणि पाण्यातले ओंडके, ह्या दोन्हीत आधीच्या पिढ्यांचंच काम उलटं फिरवावं लागलंय. विलो हे बाहेरून आणलेलं झाड, ती काठ धरून ठेवायला मुद्दाम लावली होती, ती पात्रात घुसून पाणी अडवायला लागली. ती एकदम उपटली तर काठ कोसळतो, म्हणून खोड मारून मुळं तशीच ठेवतात आणि तोवर देशी झाडं वाढवतात. ओंडके वाफेच्या बोटींना अडथळा म्हणून आणि पाणी वेगाने जावं म्हणून मरेतून काढून टाकले होते, पण मरे कॉड हा मोठा देशी मासा पोकळ ओंडक्यांतच राहतो आणि अंडी घालतो, तेव्हा ह्यूम धरणाच्या खाली यारावोंगापर्यंतच्या पट्ट्यात ते परत पाण्यात टाकण्यात आले.

पैसा आणि सरकारी रचना

१९९७ मध्ये टेल्स्ट्रा ह्या सरकारी टेलिफोन कंपनीचा काही हिस्सा विकून नॅचरल हेरिटेज ट्रस्ट काढला गेला आणि लँडकेअरकडे भरपूर पैसा आला. हळूहळू मात्र निर्णय ग्रुपांकडून प्रादेशिक संस्थांकडे सरकले. व्हिक्टोरियात १९९७ मध्ये पाणलोट व्यवस्थापन प्राधिकरणं आली, न्यू साउथ वेल्समध्ये तशीच २००३ च्या कायद्याने आली आणि २०१४ मध्ये ती बंद करून लोकल लँड सर्व्हिसेस आली. मोठ्या खोऱ्याचा एकत्र विचार व्हायला हे हवंच होतं, पण दर काही वर्षांनी नाव, फॉर्म आणि माणसं बदलली की गावातला ग्रुप वैतागतो. सगळ्यात नुकसान होतं ते कोऑर्डिनेटरच्या नोकरीचं. फोन करणारा, अर्ज भरणारा, भांडणं मिटवणारा हा एक पगारी माणूस असतो, त्याला वर्ष-दोन वर्षांच्या करारावर ठेवतात आणि पैसे संपले की तो जातो, त्याच्याबरोबर कोण कुणाशी बोलत नाही ही सगळी माहितीही जाते. कुंपणाला फंड मिळतो, माणसाला मिळत नाही, आणि हे उलटं असायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

जे लँडकेअरच्या हातात नाही

नदीत पाणी किती सोडायचं आणि सिंचनासाठी किती उचलायचं हे ग्रुप ठरवत नाहीत. त्यासाठी २००७ चा पाणी कायदा, त्यातून आलेलं मरे-डार्लिंग प्राधिकरण आणि २०१२ चा बेसिन प्लॅन आहे, आणि त्यावरची भांडणं अजून चालू आहेत. डिसेंबर २०१८ - जानेवारी २०१९ मध्ये आणि परत मार्च २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मेनिंडी गावाजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मेले, ते पाण्यातला ऑक्सिजन संपून. काठावर कितीही झाडं लावली असती तरी ते थांबलं नसतं. तसंच लँडकेअरचं दशक चालू असतानाच क्वीन्सलँडमध्ये प्रचंड प्रमाणात झाडी तोडली जात होती, तिथे सरसकट तोडीला कायद्याने २००६ च्या शेवटी आळा बसला. स्वेच्छेने काम करणाऱ्यांना पुढे करून कायदा करायचं टाळलं गेलं ही टीका त्यामुळेच होते आणि ती बरोबर आहे.

दुसरी उणीव मूळ रहिवाशांबाबतची. ह्या खोऱ्यात ४० पेक्षा जास्त आदिवासी राष्ट्रं आहेत, वसाहतीच्या खूप आधीपासून ही जमीन सांभाळणारी, पण सुरुवातीचं लँडकेअर जवळजवळ पूर्णपणे जमीनमालक शेतकऱ्यांचं होतं आणि ज्यांची जमीन काढून घेतली गेली त्यांना त्या टेबलावर खुर्चीच नव्हती. पुढे १९९८ पासून आदिवासी संरक्षित क्षेत्रं (म्हणजे आदिवासींनीच सांभाळायचे निसर्गराखीव भाग) आणि २००७ पासून आदिवासी रेंजर्सना पगारी काम ह्या वेगळ्या वाटेने बदल झाला, आणि आता काही ग्रुप नियंत्रित थंड आगी (म्हणजे कमी धगीच्या, मोठी झाडं न जाळणाऱ्या) कशा आणि कधी लावायच्या हे त्यांच्याकडून शिकतायत.

ऑस्ट्रेलियाबाहेर फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर क्लावेरिया इथे १९९६ पासून शेतकऱ्यांनी ही पद्धत उचलली, तिथे उतारावर समपातळीत गवताचे पट्टे सोडणं हे मुख्य काम. दक्षिण आफ्रिकेत आणि न्यूझीलंडमध्येही तिचे प्रकार आहेत.