रिचर्ड बर्ड यांचा ध्रुवीय वारसा

बर्ड, रिचर्ड एव्हलिन (२५ ऑक्टोबर १८८८ – ११ मार्च १९५७) : अमेरिकी नौदलातील वैमानिक, रिअर अॅडमिरल आणि ध्रुवीय समन्वेषक. विमानाने उत्तर ध्रुव गाठणारा पहिला माणूस म्हणून त्यांचे नाव अनेक वर्षे पुस्तकांत छापले जात होते. आज तो दावा बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही. १९२९ मधील दक्षिण ध्रुवावरच्या उड्डाणाबद्दल मात्र वाद नाही. पण बर्ड यांचे महत्त्व या दोन उड्डाणांवर तोलणे योग्य नव्हे. विमान, हवाई कॅमेरा, रेडिओ आणि शास्त्रज्ञांची तुकडी एकाच तळावर आणून अंटार्क्टिकात काम कसे चालवायचे, याची घडी त्यांनी बसवली. त्यांच्या नावावरचा टिकाऊ ऐवज तोच आहे.

बर्ड यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथला. १९१२ मध्ये ते नौदल अकादमीतून बाहेर पडले, पण जिम्नॅस्टिक्स करताना मोडलेला घोटा पुढे त्रास देत राहिला आणि जहाजावरची नोकरी चार वर्षांत सुटली. पहिल्या महायुद्धामुळे ते सेवेत परतले आणि पेन्साकोला येथे विमान चालवायला शिकले. त्यांचा खरा पिंड मात्र दिशाशोधकाचा. जहाजावरचा खलाशी क्षितिज आणि सूर्य यांतील कोन मोजून आपली जागा ठरवतो. उंचावरच्या विमानातून क्षितिज धुक्यात हरवते. यावर उपाय म्हणून त्यांनी सेक्स्टंटला (हा कोन मोजण्याच्या उपकरणाला) कृत्रिम क्षितिज जोडले : गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा द्रवातला बुडबुडा. १९१९ मध्ये नौदलाच्या विमानांनी अटलांटिक ओलांडण्याची जी मोहीम काढली, तिच्या दिशाशोधनाची आखणी बर्ड यांचीच होती आणि हे उपकरणही तिथे वापरले गेले. त्यांना स्वतःला मात्र त्या उड्डाणात जागा मिळाली नाही.

९ मे १९२६ रोजी बर्ड आणि वैमानिक फ्लॉइड बेनेट स्पिट्सबर्गेन बेटावरून तीन इंजिनांच्या फॉकर विमानातून निघाले आणि सुमारे सोळा तासांनी परतले. तीनच दिवसांनी नॉर्वेचे समन्वेषक आमुनसेन, त्यांचे अमेरिकी साथीदार एल्सवर्थ आणि इटालियन वैमानिक नोबिले यांचे ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज ध्रुवावरून गेले. बर्ड यांना अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळाले. शंका तेव्हापासूनच निघाल्या. मुख्य आक्षेप असा की, त्या विमानाच्या वेगाने एवढे अंतर एवढ्या वेळात कापले जाणे अवघड होते. १९९६ मध्ये त्यांची डायरी उजेडात आली. तीत सेक्स्टंटच्या काही नोंदी खोडलेल्या होत्या, पण वाचता येत होत्या, आणि त्या नंतरच्या टंकलिखित अहवालाशी जुळत नव्हत्या. बर्ड यांची बाजू घेणारे अनुकूल वाऱ्याचा हवाला देतात. वाद मिटलेला नाही. मात्र ध्रुव निर्विवादपणे गाठणारे पहिले उड्डाण ‘नॉर्गे’चे, असे मानण्याकडे आता कल आहे.

अंटार्क्टिकातही विमान नेणारे बर्ड पहिले नव्हेत. ह्यूबर्ट विल्किन्स यांनी नोव्हेंबर १९२८ मध्ये तिथे पहिले उड्डाण केले होते. पण बर्ड आले ते मोठ्या तयारीने. समुद्रावर तरंगणाऱ्या रॉस हिमफलकाच्या कडेला, बे ऑफ व्हेल्सजवळ, त्यांनी ‘लिटल अमेरिका’ हा तळ उभारला. १९११ मध्ये आमुनसेन यांनीही याच उपसागराच्या काठी मुक्काम केला होता. २८ नोव्हेंबर १९२९ रोजी फोर्ड कंपनीचे तीन इंजिनी विमान ध्रुवाकडे निघाले. बर्न्ट बाल्खेन वैमानिक, हॅरल्ड जून सहवैमानिक, अॅश्ली मॅकिन्ली कॅमेऱ्यावर आणि बर्ड दिशाशोधनावर. लिव्ह हिमनदीवरून पठारावर चढताना विमानाला उंची मिळेना. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत होते आणि मागे वळायला जागा नव्हती. वजन कमी करणे भाग होते, आणि टाकण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या : पेट्रोल किंवा संकटकाळासाठी ठेवलेले अन्न. पेट्रोल टाकले तर परतणे अशक्य, अन्न टाकले तर वाटेत उतरावे लागल्यास उपासमार. अन्नाच्या पिशव्या खाली गेल्या आणि विमान खिंड पार करून गेले. इंधन भरण्याचा थांबा धरून जाऊन-येऊन १८ तास ४१ मिनिटे लागली. आमुनसेन यांना कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून त्याच फेरीला ९९ दिवस लागले होते.

दुसऱ्या मोहिमेत (१९३३–३५) बर्ड यांनी हवामानाच्या नोंदींसाठी तळापासून दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या एका खोलीत एकट्याने हिवाळा काढायचे ठरवले. २८ मार्च १९३४ पासून ते तिथे एकटे होते. बाहेर तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली जाई. चुलीचा धूर बाहेर नेणारी नळी बर्फाने बुजू लागली, रेडिओसाठी चालवलेल्या इंजिनाचा धूरही आतच कोंडू लागला आणि कार्बन मोनॉक्साइडने त्यांना अंथरुणाला खिळवले. सुटकेसाठी कोणी अंधारात जीव धोक्यात घालू नये, म्हणून त्यांनी हे तळाला कळवले नाही. पण त्यांचे मोर्स संदेश विस्कळीत होत गेले आणि तळावरच्यांना संशय आला. थॉमस पॉल्टर यांची ट्रॅक्टर-तुकडी दोनदा माघारी फिरून ऑगस्टमध्ये तिथे पोचली. माणूस एकटाच का ठेवला, याला मोहीमप्रमुखाच्या तोंडी शोभेल असे उत्तर बर्ड यांना पुढेही नीट देता आले नाही. अनुभव म्हणून हा प्रसंग विलक्षण. नियोजन म्हणून तो फसलेलाच मानावा लागतो.

या मोहिमांना सरकारचे नव्हे, उद्योगपतींचे पैसे लागले होते आणि त्याची परतफेड नकाशावर झाली : रॉकफेलर पर्वत, एड्सेल फोर्ड पर्वतरांगा, आणि माल्टेड दुधाच्या कारखानदाराच्या नावाने हॉर्लिक पर्वत. आपल्या स्वयंपाकघरांतल्या बाटलीवरचे नाव असे बर्फातही आहे. तळावरून अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी रेडिओ कार्यक्रम होत, तेही प्रायोजित. प्रसिद्धीची एवढी हाव समकालीनांना खुपली. पण तिच्याशिवाय आर्थिक मंदीच्या काळात जहाजे निघाली नसती, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काम नौदलाकडे गेले. १९४६–४७ च्या ‘हायजंप’ मोहिमेत १३ जहाजे आणि सुमारे ४,७०० माणसे होती, आणि किनाऱ्याची सुमारे ७०,००० हवाई छायाचित्रे घेतली गेली. आकडा मोठा, पण त्यातली पुष्कळ छायाचित्रे नकाशासाठी लगेच उपयोगी पडेनात. छायाचित्रातला एखादा खडक पृथ्वीवर नेमका कुठे आहे, हे जमिनीवर उतरून मोजलेले असल्याशिवाय नकाशा जागेवर बसत नाही. ते बिंदू मोजायला पुढच्याच हंगामात हेलिकॉप्टरांसह दुसरी मोहीम पाठवावी लागली. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षासाठी, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करण्याच्या उपक्रमासाठी, ‘डीप फ्रीझ’ मोहीम सुरू झाली, तेव्हा बर्ड नामधारी प्रमुख होते. प्रत्यक्ष सूत्रे जॉर्ज डुफेक यांच्या हाती होती.

वैज्ञानिक वारसा बर्ड यांच्या माणसांतून पुढे गेला. पॉल सिपल पहिल्या मोहिमेत बालवीर म्हणून निवडून आले होते. १९३९–४१ च्या मोहिमेत त्यांनी आणि चार्ल्स पॅसेल यांनी पाणी भरलेली प्लास्टिकची नळी वाऱ्यात टांगून ते गोठायला लागणारा वेळ मोजला. थंड देशांच्या हवामानवृत्तांत वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा जो आकडा सांगतात, त्याची सुरुवात या प्रयोगातून झाली. १९५७ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या पहिल्या हिवाळी तुकडीचे वैज्ञानिक प्रमुखही सिपलच होते. पश्चिम अंटार्क्टिकातील बर्ड स्थानकावर १९६८ मध्ये २,१६४ मीटर खोल छिद्र पाडून अंटार्क्टिकाच्या हिमस्तराचा तळ प्रथमच गाठला गेला.

बर्ड यांची कागदपत्रे ओहायो स्टेट विद्यापीठाकडे आहेत आणि तिथल्या ध्रुवीय व हवामान संशोधन केंद्राला त्यांचे नाव आहे. या केंद्रातील लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने १९९७ मध्ये हिमालयातील दासुओपू हिमनदीतून काढलेल्या बर्फात १७९० च्या दशकातील पाऊस हुकल्याच्या खुणा धुळीच्या थरांच्या रूपाने सापडल्या. दख्खनच्या इतिहासातला मोठा दुष्काळ याच दशकातला.

पत्नीच्या नावाने बर्ड यांनी नाव दिलेला मेरी बर्ड लँड हा सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. त्याच्या बहुतांश भागावर कोणत्याच देशाने हक्क सांगितलेला नाही, आणि १९५९ च्या अंटार्क्टिक करारामुळे नवा हक्क सांगताही येत नाही. समाजमाध्यमांवर फिरणारी बर्ड यांची ‘गुप्त डायरी’, जिच्यात ते १९ फेब्रुवारी १९४७ रोजी उत्तर ध्रुवाकडून पोकळ पृथ्वीच्या पोटात शिरतात, ती बनावट आहे. त्या तारखेला ते हायजंप मोहिमेवर, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होते.