बारा फुटांचा मळा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य माथ्यावर आला असे आपण म्हणतो खरे, पण इंदुरात तो त्या वेळी क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो. राजेंद्रनगरातील आमच्या घरामागे बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा जमिनीचा तुकडा आहे आणि त्याच्या दक्षिणेला सहा फूट उंचीची भिंत आहे. त्या दिवसांत भर दुपारी या भिंतीची सावली सहा फुटांच्या थोडी पुढे जाते, म्हणजे दहा फुटांपैकी चारच फूट जमीन उन्हात राहते. मार्चच्या उत्तरार्धात हीच सावली अडीच फुटांपर्यंत आखडते आणि जूनमध्ये ती दुपारी सापडतच नाही. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जात असल्यामुळे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर सूर्य इंदूरकरांच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो.

परसात कोणकोणत्या भाज्या लावता येतील, हा प्रश्न बहुतेक जण जागा मोजण्यापासून सुरू करतात. तो ऊन मोजण्यापासून आणि पंचांग समोर ठेवण्यापासून सुरू करावा, असे माझे मत झाले आहे. आमच्या या तुकड्यात वर्षभरात वीस-बावीस प्रकारच्या भाज्या होतात, पण कोणत्याही एका महिन्यात तेथे सहा-सातहून अधिक भाज्या नसतात. टोमॅटो, वांगी, भेंडी अशा फळभाज्यांना दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागते, कारण पानांनी तयार केलेली साखर आधी झाडाच्या वाढीला पुरवून मग उरलेली फळांत साठवायची असते. पालेभाजीचे तसे नसते. साखर तयार करणारे पानच आपण खुडून नेतो, त्यामुळे मेथी, पालक आणि कोथिंबीर तीन-चार तासांच्या उन्हावरही भागवतात. भिंतीलगतची पट्टी हिवाळ्यात दिवसभर सावलीत असते. तेथे पुदिना आणि अळू आहेत, आणि खताचा खड्डाही तेथेच आहे.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. ही माती लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे आणि तिच्यातील चिकणमातीचे कण पत्त्यांच्या जुडीसारखे थरांचे बनलेले असतात. पाऊस पडला की पाणी थराथरांत शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि तडकते. मे महिन्यात आमच्या परसातल्या भेगेत मी खुरप्याचे पाते उभे सोडले, तर ते मुठीपर्यंत आत गेले. या तडकण्याचा एक लाभ असा की वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, खालची पुढच्या पावसाळ्यात फुगून वर ढकलली जाते आणि जमीन काही अंशी स्वतःच स्वतःला नांगरते. अडचण ओल्या दिवसांत येते. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की मुळांना हवा मिळत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये चांगली जोमदार मिरचीची रोपेही दोन दिवसांत माना टाकतात. पाण्यात उभे असलेले रोप पाणी नसल्यासारखे कोमेजते, कारण पाणी शोषायला मुळांना ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी प्राणवायू. म्हणून आमच्याकडे सपाट वाफे नाहीत, सगळे वीतभर उंचीचे गादीवाफे आहेत.

या मातीला भुसभुशीत करणारी वस्तू म्हणजे कुजलेला पालापाचोळा, आणि त्याच्या शास्त्राचा एक मोठा अध्याय इंदुरातच लिहिला गेला, हे इंदुरातल्या फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे वनस्पती-संशोधनाची एक संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत ती आजही ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. स्वच्छतेच्या क्रमवारीतला पहिला क्रमांक आम्ही अभिमानाने सांगतो, तो सांगावाच. पण कचऱ्याच्या बाबतीत या शहराचे नाव त्याच्या कितीतरी आधी जगात पोहोचले होते.

हॉवर्ड आणि वाड यांच्या पद्धतीचा गाभा कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणात आहे. कुजवण्याचे काम करणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि स्वतःचे शरीर बांधण्यासाठी नत्र. ढीग रचताना एका भाग नत्राला सुमारे तीस भाग कर्ब असेल तर कुजण्याची क्रिया वेगाने चालते. कर्ब फार झाला तर ती रेंगाळते. नत्र फार झाले तर ते अमोनियाच्या वासाने उडून जाते. स्वयंपाकघरातल्या भाज्यांच्या देठा-सालींत नत्र भरपूर असते, वाळलेल्या पानांत कर्ब अधिक असतो, आणि लाकडाच्या भुशात तर एका भाग नत्राला कर्ब तीनशे भागांच्याही वर जातो.

हे प्रमाण मी वाचलेले होते, तरी मला ते कळले एका चुकीमुळे. तीन वर्षांपूर्वी लाकडाच्या एका वखारीतून भुशाची दोन पोती फुकट मिळाली. माती मोकळी होईल या आशेने मी तो भुसा न कुजवता सरळ वाफ्यात मिसळला आणि वर पालक पेरला. पालक उगवला, दोन पानांचा झाला आणि तिथेच थांबला. तिसऱ्या आठवड्यात खालची पाने पिवळी पडू लागली. भुशातला अमाप कर्ब खायला लागलेल्या जिवाणूंना नत्र हवे होते. ते भुशात नव्हते, म्हणून त्यांनी मातीतले उचलले आणि पालकाच्या मुळांना काही उरले नाही. खालची पाने आधी पिवळी पडली, यातही एक खूण आहे. नत्राचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवते. लोहाचे तसे करता येत नाही. म्हणून लोह कमी पडले तर आधी शेंड्याची नवी पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. काळ्या मातीत चुन्याचा अंश बराच असल्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही, असे पुष्कळदा घडते. झाड पिवळे दिसताच युरिया टाकणाऱ्यांनी आधी कोणती पाने पिवळी झाली आहेत ते पाहावे. भुशाच्या त्या वाफ्यात पुढच्या वर्षी लावलेला मुळा हातभर लांब झाला, कारण तोवर जिवाणू मरून त्यांनी धरून ठेवलेले नत्र मातीला परत मिळाले होते.

आता आम्ही ओल्या कचऱ्याच्या एका घमेल्यावर वाळलेल्या पानांची दोन घमेली टाकतो आणि पंधरा दिवसांनी ढीग खालीवर करतो. मोठ्या ढिगाच्या पोटातले तापमान साठ अंशांपर्यंत चढते आणि त्यात तणांचे बी मरते. घरगुती खड्डा तेवढा तापत नाही. त्याचा पुरावा म्हणजे खत पसरले की पंधरा दिवसांत जागोजागी आपोआप उगवणारी टोमॅटोची रोपे. आमची या वर्षीची निम्मी रोपे अशीच फुकट आली आहेत.

विविधता जागेत बसत नसेल तर ती काळात बसवावी लागते. ऑक्टोबरच्या मध्याला टोमॅटोची रोपे दोन-दोन फुटांवर लावली की मधली जागा पाच-सहा आठवडे मोकळीच असते. त्या जागेत त्याच दिवशी मेथी टाकली तर महिन्याच्या आत ती उपटून होते आणि टोमॅटो पसरायच्या आत जागा सोडते. उपटलेल्या मेथीच्या मुळांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. त्यातली एखादी नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी दिसली तर तिच्यातले जिवाणू हवेतले नत्र बांधत आहेत असे समजावे. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नातेवाइकाचा आहे आणि जिवाणूंभोवतीचा प्राणवायू बेताचा ठेवणे हे त्याचे काम असते.

ऋतूंचे गणित पुष्कळसे तापमानाचे आहे. दिवसाचे तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीही गारवा नाही, अशा वेळी टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात; उन्हाळ्यात झाड हिरवेगार असूनही फळ धरत नाही ते यामुळे. माळव्याच्या गार रात्रींचे कौतुक जुन्या काळापासून होत आले आहे, ते हिवाळ्यातल्या टोमॅटोनेही करावे. एप्रिल-मेमध्ये मात्र टोमॅटो-कोबीचा नाद सोडून तांदुळजा, माठ आणि घोळ यांच्याकडे वळावे. कडक उन्हात बहुतेक वनस्पतींच्या पानांत प्रकाशसंश्लेषणाची एक गळती सुरू होते आणि बांधलेल्या कर्बाचा काही भाग वाया जातो. तांदुळजा आणि माठ यांनी ज्वारी-मक्याप्रमाणे कर्बवायू आधी गोळा करून मग वापरण्याची युक्ती साधली आहे, त्यामुळे त्यांची ही गळती फारच थोडी असते. घोळ त्याच्याही पुढे जाते: पाणी तुटले की ती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडून कर्बवायू साठवते. मंडईत ही भाजी क्वचितच दिसते. परसात मात्र ती न लावता येते आणि आपण ती तण म्हणून उपटून टाकतो.

पावसाळा वेलांचा. आमच्याकडे दोडक्याला तुरई आणि घोसाळ्याला गिलकी म्हणतात, आणि एवढे हिंदी आमच्या मराठीला चालते. हे दोन्ही वेल एकाच मांडवावर चढवले तरी त्यांची फुले वेगवेगळ्या वेळी उमलतात. गिलकीचे पिवळे फूल पहाटे उघडते. तुरईचे संध्याकाळी पाचनंतर. दुधीचे पांढरे फूलही दिवस मावळताना उघडते, कारण त्याचे गिऱ्हाईक मधमाशी नसून संध्याकाळी फिरणारे पतंग असतात. शहरात पतंग कमी झाले की इवले दुधी धरतात आणि अंगठ्याएवढे होऊन पिवळे पडून गळतात. खत वाढवून उपयोग होत नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि उरलेला परागांचा देठ मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावा. मादी फूल ओळखायला सोपे असते, कारण त्याच्या खाली बोटभर, लव असलेला दुधी आधीच तयार असतो. टोमॅटो आणि वांग्याची गोष्ट निराळी. त्यांचे पराग नळीसारख्या परागकोशांत बंद असतात आणि विशिष्ट वेगाने पंखांचे स्नायू थरथरवणाऱ्या भुंग्यांनी ते सहज बाहेर पडतात. साधी मधमाशी ते करू शकत नाही. सकाळी दहाच्या आसपास फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारली तरी काम होते.

एकाच जातीची झाडे एकत्र लावली की कीड सहज पसरते, हे सर्वांना माहीत असते. मावा मात्र कोबीपेक्षा मोहरीवर अधिक खूश असतो, म्हणून वाफ्याच्या कडेला मोहरीच्या दोन ओळी त्याला वाहून टाकाव्यात. कोथिंबिरीची चार-सहा रोपे खुडू नयेत, फुलू द्यावीत. त्या छत्रीसारख्या बारीक फुलांवर मधासाठी येणाऱ्या माश्यांच्या अळ्या मावा खातात. ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची आणि सुसरीच्या पिल्लासारखी दिसते. ती रोज डझनांनी मावा फस्त करते आणि रूपावरून लोक तिलाच आधी चिरडतात. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू पांढरी माशी आणते. त्याला तोंड देण्यासाठी ‘परभणी क्रांती’ हे वाण मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केले.

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, थंडीत तळून मिळणारा गराडू आणि महाराष्ट्रातले कोनफळ या एकाच जातीच्या कंदाच्या दोन बहिणी आहेत, हे सांगितले की आमच्याकडे येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना नवल वाटते. जूनमध्ये कंदाचा एक तुकडा भिंतीच्या कोपऱ्यात पुरला की वेल स्वतःच भिंत चढतो आणि वर उन्हात जातो, त्यामुळे बुंध्याजवळच्या सावलीचे त्याला काही वाटत नाही. डिसेंबरमध्ये पाने पिवळी पडून वाळली की खणावे.

बी धरताना सगळ्या भाज्यांना एक न्याय लावू नये. मेथी, वाल आणि टोमॅटो यांच्या फुलांत परागीकरण बहुधा त्याच फुलातल्या परागांनी होते, म्हणून त्यांचे घरचे बी वाणाला धरून उतरते. दुधीच्या बियांत मात्र शेजारच्या कोणत्या वेलाचे पराग आले हे सांगता येत नाही, आणि कडू रानटी वेलाचा संकर झाला असेल तर पुढच्या पिढीतले दुधी दिसायला नेहमीसारखेच पण कडू निघू शकतात. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि ती शिजवूनही नष्ट होत नाहीत. कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडली आहेत. आमच्या घरी घरचा असो वा मंडईतला, प्रत्येक दुधी चिरताना देठाकडची एक चकती जिभेला लावून पाहतात आणि जरा जरी कडू लागली तरी तो दुधी सरळ खताच्या खड्ड्यात जातो.