पॅरिश नोंदवह्या (इंग्लंड)

चर्चच्या हद्दीतील, म्हणजे पॅरिशमधील, बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये त्या प्रत्येक पॅरिशला सक्तीच्या केल्या. १ जुलै १८३७ रोजी जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वीच्या सामान्य इंग्रज माणसाचा माग काढण्याचे हेच मुख्य साधन आहे.

वहीत नोंद होते ती विधीची, जन्माची वा मृत्यूची नव्हे. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत शेक्सपिअरचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ असा लॅटिनमध्ये नोंदलेला असून त्याची जन्मतारीख कोठेच नाही. २३ एप्रिल हा निव्वळ रूढीने मानलेला दिवस आहे. ते पानही मूळचे नाही, कारण जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश १५९८ मध्ये निघाल्यावर ती प्रत तयार झाली. त्याच्या जुळ्या मुलांचा बाप्तिस्मा वहीत २ फेब्रुवारी १५८४ रोजी दिसतो, पण तेव्हा वर्ष २५ मार्चला पालटत असल्याने आपल्या गणनेने ते साल १५८५ ठरते. १७५२ पूर्वीच्या जानेवारी ते मार्चमधील नोंदी वाचताना हे विसरले, की वंशावळच एका वर्षाने चुकते. शेक्सपिअरचा विवाह तर या वहीत नाहीच. त्याचा पुरावा मिळतो तो वुस्टरच्या बिशपकडे नोव्हेंबर १५८२ मध्ये दिलेल्या, विवाहाला आडकाठी नसल्याच्या हमीपत्रात. म्हणून नोंद सापडली नाही एवढ्यावरून घटना घडलीच नाही असे म्हणता येत नाही. १६४२ नंतरच्या यादवी युद्धात तर कित्येक वह्यांत वर्षानुवर्षे खंड पडला आहे; वही गहाळ असल्यास बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला पाहाव्या लागतात.

१७५४ पासून वधूवरांची व साक्षीदारांची सही किंवा निशाणी विवाहनोंदीत येऊ लागली. १८१३ पासून छापील रकान्यांमुळे बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा व राहण्याचे ठिकाण, तर दफनाच्या नोंदीत वय मिळते.

या तीन विधींच्या मधले आयुष्य मात्र पॅरिशचे कागद ठेवण्याच्या पेटीतील इतर कागदांत सापडते, आणि तेथे श्रीमंतांपेक्षा गरिबांचीच माहिती अधिक असते. गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर असल्याने १६६२ च्या कायद्यानुसार परगावाहून आलेला माणूस पॅरिशवर भार होईल असे वाटल्यास त्याला मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. त्यासाठी घेतलेल्या जबानीत जन्मगाव, कोणाकडे किती काळ चाकरी केली, लग्न कोठे झाले, हे सारे त्याच्याच तोंडून उतरवलेले असते.

जुन्या वह्या आज बहुतांशी काउंटींच्या अभिलेखागारांत आहेत. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या लंडनला पाठवलेल्या नकला मात्र ब्रिटिश लायब्ररीत पाहाव्या लागतात.