राजीनाम्याची तारीख : पक्की नोकरी सोडून ठेक्यावर जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हिंगणघाट-वणी पट्ट्यातले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशीन ऑपरेटर आमच्या कार्यालयात पीएफ, विवरणपत्र आणि बिलांच्या कामासाठी येतात. त्यातले बरेच जण राजीनामा देऊन झाल्यावरच येतात. तोवर फॉर्म भरण्यापलीकडे आमच्या हाती फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे पत्रक राजीनाम्याचा कागद लिहिण्याआधी वाचा.

ठेक्यावर जाऊ नका, असं आम्ही कोणालाच सांगत नाही. हातात कसब असलेल्या माणसाला आपल्या भागात काम आहे, आणि ते करून घर बांधलेले, पोरांना शिकवलेले ग्राहक आमच्याकडे आहेत. आमचं म्हणणं एवढंच, की निघायची तारीख साहेबाशी झालेल्या भांडणाने ठरू नये. ती नेमणूकपत्र, हंगाम आणि घरातली शिल्लक पाहून ठरवा.

नेमणूकपत्रावरची तारीख

एका सूतगिरणीतले फिटर भाऊ आमच्याकडे आले, ते राजीनामा मंजूर करून घेऊनच. "पाच वर्षं भरली जी, ग्रॅच्युइटीचा अर्ज करून द्या," म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घड्या पडलेलं नेमणूकपत्र काढलं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, तिला पाच वर्षांची सेवा लागते. तारीख वाचली तर सेवा भरत होती 4 वर्षं 7 महिने. सुरुवातीचे पाच महिने ते त्याच गेटमधून आत जात होते, त्याच मशीनवर काम करत होते, पण नाव होतं ठेकेदाराच्या हजेरीपटावर. भाऊ सेवा धरतात गेटमध्ये पाऊल ठेवलं तेव्हापासून. कंपनी धरते पत्रावरच्या तारखेपासून. त्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये होतं. ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणजे रोज 700 रुपये. दर वर्षामागे 15 दिवसांचे 10,500, आणि पाच वर्षांचे 52,500. एवढी रक्कम पाच महिन्यांसाठी हातची गेली. ते खुर्चीवर बराच वेळ नुसते बसून राहिले. आम्हालाही त्यांना सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की ग्रॅच्युइटी मिळते, असं बरेच जण सांगतात. मद्रास उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावलेला आहे, हे खरं. पण मालकाने नाही म्हटलं, तर तो अर्थ घेऊन आपल्यालाच भांडावं लागतं. त्यापेक्षा तीन-चार महिने थांबलेलं परवडतं. पाच वर्षांच्या पुढे गेलेल्यांनी सहा महिन्यांची ओळ पाहावी. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं, तर ते वर्ष पूर्ण धरतात. वरच्याच पगारावर 9 वर्षं 5 महिन्यांना 94,500 रुपये बसतात, आणि 9 वर्षं 7 महिन्यांना 1,05,000.

पीएफमध्येही दोन तारखा आहेत. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी 50,000 किंवा त्याहून जास्त रक्कम काढली, तर पॅन दिलेला असूनही 10 टक्के कर कापतात. आधीच्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात वळवलेला असेल तर ती सेवाही यात मोजली जाते, म्हणून जुनी खाती आधी जोडून घ्या. दुसरी तारीख पेन्शनची. दहा वर्षांची सेवा झाली की म्हातारपणी मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. आठ-नऊ वर्षं झालेला माणूस थोड्यासाठी सोडून जातो, तेव्हा आम्हाला खरंच वाईट वाटतं. सोडायचंच असेल तर पेन्शनचे पैसे काढू नका, योजना प्रमाणपत्र घ्या. पुढे कधी पीएफ कापणारी नोकरी लागली, तर जुनी वर्षं त्यात जोडली जातात.

1,200 रुपये रोज म्हणजे किती?

त्याच भाऊंचा एकूण पगार 24,200 होता, म्हणजे दिवसाला साधारण 930. ठेक्यावर 1,200 मिळतात हे ऐकून ते निघाले होते. पण पगाराच्या पावतीत न दिसणाऱ्या गोष्टीही मोजाव्या लागतात. मालकाचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे महिन्याला 2,184. ग्रॅच्युइटीचे दरमहा 875. एकूण झाले 27,259, वर्षाचे 3,27,108. बोनस आणि भरपगारी सुट्या यात धरलेल्याच नाहीत. ठेक्यावर वर्षात 200 दिवस काम मिळालं, तर तेवढंच घरी यायला रोज 1,635 रुपये लागतात. हत्यारं, पेट्रोल, बाहेरगावचं जेवण-मुक्काम वेगळं. म्हणजे 1,200 ला हो म्हणणारा माणूस वर्षाअखेर आपल्याच जुन्या पगाराच्या मागे राहतो. आपले दिवस किती भरतील, हे पाहून हा भागाकार एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करा.

हंगाम

जिनिंगचं काम करणाऱ्यांसाठी हे सगळ्यात मोठं. दसऱ्याच्या आसपास सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या मुहूर्ताची पूजा, झाली की कापूस यायला लागतो, आणि त्याआधी सगळ्या जिनिंगवाल्यांना मशीन तयार हव्या असतात. रोलरच्या कातडी चकत्या झिजलेल्या असतात, खाचा बुजलेल्या असतात, सुरीची धार गेलेली असते. खाच बुजली की रोलर कापूस ओढत नाही आणि रुई कमी पडते, म्हणून या कामाला मालक थांबत नाही, पैशालाही फार घासाघीस करत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने ओळखीच्या फिटरला दिवस पुरत नाहीत. वीजकेंद्रातल्या आणि सिमेंट कारखान्यातल्या मोठ्या दुरुस्त्याही बऱ्याचदा पावसाळ्यात निघतात, कारण तेव्हा मागणी उतरलेली असते.

म्हणून अशा कारागिराचा नोकरीतला शेवटचा दिवस जुलैअखेर पडला तर बरं. एक महिन्याची नोटीस असेल तर पत्र जूनअखेर जायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये निघू नका. जिनिंग उतरणीला लागलेली असते, पुढे मृग, पेरणी, बियाणं-खत, शाळेच्या वह्या-पुस्तकं. पीएफचे पैसे वावरात जातात आणि हत्यारं घ्यायला उधारी करावी लागते. हे आम्ही दर वर्षी पाहतो.

काम ऑगस्टमध्ये सुरू झालं म्हणजे पैसा ऑगस्टमध्ये येतो, असंही नाही. आपल्याकडे "पोळ्यानंतर पाहू", "दिवाळीला देतो", "चुकारा आला की देतो" ही उत्तरं नेहमीची आहेत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय निघू नका, आणि हा आकडा घरच्या बाईमाणसाला विचारून काढा. किराण्याचा हिशेब तिलाच ठाऊक असतो. शिवाय उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती फुकट होते. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मागताना आवाजही जरा स्थिर राहतो.

ठेका म्हणजे नेमकं काय?

सही करण्याआधी हे विचारा, कारण एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. कंपनीच्याच रोलवर ठरावीक मुदतीची नेमणूक असेल, तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. लेबर ठेकेदारामार्फत जाणार असाल तर पीएफ त्याने भरायचा असतो. दर महिन्याला मोबाईलवर पासबुक उघडून पाहा. स्वतःचं बिल फाडणार असाल तर यातलं काहीच नाही, सगळं आपल्यालाच उभं करायचं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. "आज राजीनामा द्या, सोमवारपासून याच मशीनवर ठेक्याने या," असं कोणी म्हटलं तर त्या दिवशी सही करू नका. कागदावर "स्वखुशीने" हा शब्द असतो, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दावर ठरतं. मालकाने कामगार कपातीत काढलं तर दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. स्वखुशीने सोडलं तर नाही. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि कागदाचा फोटो घेऊन या.

कर आणि विमा

बिलातून 1 टक्का कर कापला म्हणजे कर भरून झाला, असं नाही. विवरणपत्र भरावं लागतं, आणि कर बसत नसेल तर ती रक्कम परत मिळते. पैसे बँकेतून आले तर छोट्या धंद्याला उलाढालीच्या 6 टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येतं, रोखीवर 8 टक्के. व्यवसाय कर वर्षाला 2,500. सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी लागत नाही.

विमा मात्र नोकरीत असतानाच घ्या. नव्या आरोग्य विम्यात पहिले 30 दिवस आजारपणाचा दावा चालत नाही, आणि आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पीएफसोबत असलेलं 7 लाखांपर्यंतचं जीवनविम्याचं कवचही नोकरी सुटली की संपतं. छतावर, क्रेनखाली, चालू पॅनेलवर काम करणाऱ्याने ही जागा एक दिवससुद्धा रिकामी ठेवू नये.

भेटायला येताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, पीएफचं पासबुक आणि समोरच्याने दिलेला ठेक्याचा कागद घेऊन या. कागद नसेल, नुसता तोंडी शब्द असेल, तरी या. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस टाळलात तर निवांत बसून बोलता येईल.