नाकावर चिमूटभर क्ले

बाल्सा या हलक्या लाकडाच्या किटचं ग्लायडर चिकटवायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या, आणि ते धड उडायला लागेपर्यंत पुढचे दोन रविवार गेले. भाच्याला वाटलं होतं जोडलं की उडणार. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं.

किट उघडल्यावर पहिला प्रश्न, हे लाकूड आहे की थर्माकोल? २ मिमी जाड, १० सेंमी रुंद, मीटरभर लांब पट्टी साधारण ३० ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाची सागाची पट्टी सव्वाशेच्या पुढे जाईल. नुसतं नख दाबलं तरी वळ उमटतो. झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, बाजारातला बराचसा माल येतो इक्वेडोरमधून, आणि गंमत म्हणजे हे जास्वंदीच्या कुळातलं, म्हणजे परसातली भेंडी आणि डोंगरातली काटेसावर त्याचे भाऊबंद! झाड झपाट्याने वाढतं, पेशी मोठ्या नि पातळ भिंतींच्या, जिवंतपणी पाण्याने भरलेल्या, भट्टीत वाळवलं की उरते ती बहुतेक हवाच. कापताना ब्लेड दाबलंत तर ते आखलेली रेषा सोडून लाकडातल्या धाग्यांच्या रेषेने पळतं, म्हणून हलक्या हाताने तीनचार वेळा फिरवायचं. माझ्या दोन पट्ट्या हे कळायच्या आधीच गेल्या.

या ग्लायडरला रिमोट नाही, मोटर नाही, काहीच नाही. हातातून सुटलं की सुटलं, पुढे जे काय सांभाळायचं ते त्याचं त्याने.

आता ते कसं सांभाळणार? गुहागरच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा फेकलं तर नाक वर करून चढलं, क्षणभर लटकलं, मग खाली सूर मारला, वेग आला तसं परत वर, परत खाली, अगदी लाटेवरच्या होडीसारखं, आणि शेवटी वाळूत नाक खुपसून बसलं. नाक फार वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, उचल, म्हणजे पंखाला वर धरून ठेवणारा जोर, कोसळते, याला स्टॉल म्हणतात. आणि ही वरखाली झोकं खात जाणारी चाल फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मॉडेलं उडवूनच अभ्यासली, नाव ठेवलं फ्युगॉइड. त्याला ग्रीकमधून 'उडणे' हवं होतं, उचलला शब्द 'पळून जाणे'चा, पण तेच चिकटलं.

उपाय ऐकून भाचा हसलाच. नाकावर वजन वाढवायचं, म्हणजे खाली पडणाऱ्याला अजून जड करायचं? पण वजनाचा मध्य पुढे सरकला की शेपटीच्या हाती जोर येतो. नाक वर गेलं की शेपटीखाली हवा लागून ती उचलली जाते आणि नाक आपोआप खाली येतं, नाक खाली गेलं की बरोबर उलटं. हे पॅरिसच्या अल्फोन्स पेनो या विमान-संशोधकाने १८७१ साली दाखवलं, मागे छोटी शेपटी किंचित कमी कोनात लावून, आणि त्याचं मॉडेल ११ सेकंदं, चाळीसेक मीटर गेलं. पंख दोन्हीकडे वर उचललेले असतात तेही याचसाठी, एका अंगाला कललं की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते.

मग चिमूट चिमूट क्ले लावत बसलो. एक चिमूट जास्त झाली की दगडासारखं खाली, काढली की परत होडी.

त्यात कोकणातली हवा. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे, आणि मी हौसेने समुद्राकडे तोंड करून फेकलं! वारा पाठीमागून, ग्लायडर सरळ ओहोटीच्या पाण्यात. वाळल्यावर एक पंख पिळवटला, मग ते सारखं एकाच बाजूला गिरकी घ्यायला लागलं. किटलीच्या वाफेवर धरून उलटा पीळ दिला आणि गार होईपर्यंत तसाच दाबून ठेवला. आई म्हणाली, चहा मिळेल का आज?

दुसऱ्या रविवारी उन्हं चढायच्या आत, वारा जवळजवळ पडलेला असताना, जमिनीकडे तोंड करून हलकेच सोडलं. नाक वर केलं नाही, लटकलं नाही, सुरूच्या बनाकडे संथ उतरत गेलं. भाच्याने मोबाईलवर मोजलं, ७ सेकंदं.

"त्या पेनोपेक्षा ४ कमी," मी म्हटलं.

"मामा, पण त्याच्या विमानाला रबराचा पंखा होता ना," तो म्हणाला, आणि क्लेचा डबा घेऊन पळत सुटला.