स्नायू शिथिलक आणि झोप आणणारी सर्दीची गोळी : एकत्र वापर

कंबरेत उसण भरली की दिली जाणारी स्नायू सैल करणारी औषधे (क्लोरझोक्साझोन, टिझानिडीन, मेथोकार्बामोल, बॅक्लोफेन) आणि सर्दी, शिंका, खाज यांवरची जुन्या पिढीची अँटिहिस्टामाइन औषधे (क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, हायड्रॉक्सिझीन) हे दोन्ही गट मेंदूचे काम मंदावतात. एकत्र घेतल्यास गुंगीची बेरीज होते : डोळ्यांवर झापड येते, तोल जातो, जीभ जड होते, ब्रेकवर पाय उशिरा पडतो. डॉक्टर कधी ही जोडी विचारपूर्वक, बहुधा रात्रीसाठी देतात. जास्त धोका आहे तो नकळत जमलेल्या जोडीत.

सांगली-साताऱ्यात तशी ती गळीत हंगामात जमते. मोळ्या उचलून कंबर धरलेली, त्यात थंडी आणि पाचटाची धूळ. कंबरेची गोळी दवाखान्यातून येते, सर्दीची मेडिकलमधून, आणि तोच माणूस रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघतो.

‘दोन गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवले की झाले’ हा समज सर्वांत घातक. क्लोरफेनिरामाइन शरीरात निम्मे व्हायला प्रौढांत सुमारे २० तास लागतात. रात्री ९ वाजता घेतलेल्या गोळीचे निम्म्याहून जास्त औषध सकाळी ९ला अंगात असते. त्यावर टिझानिडीन घेतले तर तासा-दोन तासांत दोहोंचा जोर एकत्र जाणवतो. टिझानिडीन रक्तदाबही उतरवते, म्हणून अंथरुणातून झटकन उठताना चक्कर येऊन पडायला होते. सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) चालू असताना टिझानिडीन घेऊच नये. रक्तातली टिझानिडीनची पातळी कित्येक पटींनी वाढते.

दारू या जोडीत तिसरी भर घालते. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी क्लोरफेनिरामाइनने तुंबू शकते. मूत्रपिंड अधू असल्यास बॅक्लोफेन अंगात साचते.

गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू वाचावी. कंबरेच्या संयुक्त गोळीत बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या गोळीत अनेकदा ५००. दोन्ही दिवसातून तीनदा घेतल्यास सुमारे अडीच ग्रॅम होते. तापासाठी वेगळी गोळी जोडली की प्रौढांची ४ ग्रॅमची मर्यादा जवळ येते आणि यकृतावर ताण पडतो.

वाहन, ऊसतोडणी किंवा कडबाकुट्टी यंत्रावर काम असेल, तर सर्दीसाठी डॉक्टरांना विचारून नव्या पिढीचे अँटिहिस्टामाइन फेक्सोफेनाडीन घ्यावे; त्याने झोप फारशी येत नाही. सेटिरिझिन सौम्य मानतात, तरी काहींना त्यानेही चांगलीच पेंग येते. जोडी तोडायची तर सर्दीची गोळी थांबवावी. बरेच दिवस चालू असलेले बॅक्लोफेन वा टिझानिडीन मनाने एकदम बंद करू नये : पहिल्याने झटके येऊ शकतात, दुसऱ्याने रक्तदाब उसळतो.

हाका मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, ती श्वासनलिकेत जाते. दोन्ही पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात.